सावली दुपारची, आकाश संध्याकाळचे

मुंबईची सव्वाशे वर्षांपूर्वीची रंगीत पोस्टकार्डे एकापाठोपाठ एक पाहत गेले की आधी नजरेत भरते ते आकाश. वर फिकट निळे, खाली उतरताना पिवळसर आणि क्षितिजाजवळ गुलाबी. राजाबाई टॉवरमागे तसेच, बोरीबंदरच्या घुमटामागे तसेच आणि अपोलो बंदरावरही तसेच. आषाढातले काळे ढग कुठे दिसत नाहीत, वैशाखातले पांढरे रखरखीत ऊनही नाही. सगळे शहर दिवेलागणीच्या तोंडावर येऊन थांबले आहे असे वाटते. पाहणाऱ्याच्या मनात जी हुरहूर दाटते, ती बरीचशी या आकाशामुळेच.

आता भिंग घेऊन त्याच चित्रांतला रस्ता पाहावा. अनेक कार्डांत व्हिक्टोरिया गाडीची सावली तिच्या चाकांच्या आतच मावलेली दिसते. पदपथावरच्या माणसाची सावली त्याच्या पायांभोवती गोळा झालेली असते. सूर्य डोक्यावर आल्याशिवाय अशी सावली पडत नाही. म्हणजे रस्ता भर दुपारचा आणि आकाश सूर्यास्ताचे! फोटो काढणारा माणूस मुंबईच्या उन्हात घामाघूम होऊन उभा होता. आकाश रंगवणारा हात मात्र बहुधा हजारो मैलांवरच्या एखाद्या छापखान्यात होता, आणि त्या हाताच्या धन्याने मुंबई कधी पाहिलेली नव्हती.

भारतात पाव आण्याचे साधे पोस्टकार्ड १८७९मध्ये सुरू झाले. चित्रांची कार्डे आली ती शतक संपता संपता, आणि पुढची दहा-पंधरा वर्षे त्यांची नुसती लाट होती. मुंबईतल्या क्लिफ्टन अँड कंपनीसारख्या फोटोग्राफर-प्रकाशकांनी शहराचे रस्ते, बाजार, बंदरे आणि इमारती कार्डांवर आणल्या. यातली पुष्कळ कार्डे छापून यायची जर्मनीतून, कारण रंगीत छपाईत त्या काळी जर्मन छापखान्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. मुंबईचा कृष्णधवल फोटो बोटीने युरोपला जायचा, तिथे रंग लेवून कार्ड व्हायचा आणि परत मुंबईच्या दुकानात यायचा. मग एखाद्या साहेबाच्या चार ओळी पाठीवर घेऊन पुन्हा विलायतेला. १९१४ साली महायुद्ध पेटले आणि जर्मनीची ही वाट बंद झाली.

रंगवणाऱ्याला इतके मोकळे आकाश मिळाले कसे, याचे उत्तर रसायनशास्त्रात आहे. एकोणिसाव्या शतकातल्या फोटोच्या काचांना सगळे रंग दिसत नसत. त्यांच्यावरचा चांदीच्या क्षारांचा थर निळ्या आणि जांभळ्या प्रकाशाला चटकन प्रतिसाद देई, पिवळ्याला कमी आणि लालला जवळजवळ नाहीच. खालच्या इमारती नीट उमटेपर्यंत वरच्या निळ्या आकाशाचा प्रकाश काचेवर गरजेपेक्षा कितीतरी जास्त पडून गेलेला असे. परिणामी छापात आकाश कोरे, पांढरेफटक. ढग काढायचे तर निराळी युक्ती लागे. फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रेने १८५०च्या दशकात समुद्राची काच वेगळी आणि ढगांची वेगळी काढून दोन्ही एकाच कागदावर छापल्या, तेव्हा लोक थक्क झाले होते. काचेच्या थरात विशिष्ट रंगद्रव्ये मिसळली तर तिला इतर रंगही दिसू लागतात, हे हर्मान फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८७३मध्ये दाखवले. तरी सगळे रंग टिपणाऱ्या काचा बाजारात आल्या त्या १९०६मध्ये. तोवर बहुतेक शहरांच्या डोक्यावरचा भाग मोकळाच राहत होता आणि कुंचलेवाल्यांनी तो आपापल्या रीतीने भरला.

लाल रंग न दिसण्याचा घोटाळा याहून मोठा. लाल पगडी अशा काचेच्या छापात काळी येते. पिवळा रंग डोळ्यांना उजळ दिसतो, छापात तो गडद होतो. निळा मात्र अपेक्षेपेक्षा फिकट. मुंबईच्या पोलिसाची जुनी ओळख म्हणजे निळा गणवेश आणि डोक्यावर पिवळी टोपी. साध्या काचेवर त्याचा फोटो घेतला, तर टोपी काळपट पडते आणि गणवेश नको तितका उजळतो. परदेशी कारागिरासमोर एवढाच पुरावा. त्याने काळ्या पगडीला हिरवे केले काय नि जांभळे केले काय, त्याला चूक म्हणणारे शेजारी कोणी नव्हते. एकाच दृश्याच्या दोन प्रती हाती लागल्या तर एकीतल्या बाईचे लुगडे लाल आणि दुसरीत निळे असू शकते, ते यामुळेच.

जुन्या चित्रांतली शांतताही अशीच तपासून पाहण्यासारखी आहे. पॅरिसमधल्या बुलव्हार द्यू तांपल या रस्त्याचे लुई दागेरने १८३८ साली घेतलेले चित्र प्रसिद्ध आहे. भर वर्दळीचा रस्ता, पण चित्रात जवळजवळ ओस. प्रकाश टिपायला काही मिनिटे लागत होती, तेवढ्यात गाड्या, घोडे, माणसे सगळी निघून गेली आणि पट्टीवर कुणाचीच खूण उरली नाही. उरला तो एक पाय पुढे करून बुटाला पॉलिश करून घेणारा माणूस, कारण तो जागचा हलला नव्हता. पुढे ही वेळ मिनिटांवरून सेकंदांवर आली. पण १८५०-६०च्या दशकांत, म्हणजे विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन मुंबईतून आपला ‘इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ काढत होते तेव्हा, चालता माणूस टिपणे अवघडच होते. त्याच सुमारास भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण हे मुंबईत फोटोग्राफी करत होते. त्या पिढीच्या फोटोंत रस्ता मोकळा दिसला की ‘तेव्हा किती निवांत होते’ असे वाटते. त्या निवांतपणात पुसल्या गेलेल्या माणसांचा वाटा बराच असतो. १८६३ साली गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झाले. त्यातली मुंबई मात्र गजबजलेली, धांदलीची आणि नाना जातीपंथांच्या माणसांनी भरलेली आहे.

फोटोवर रंग चढवण्याची कल्पना फोटोइतकीच जुनी. १८३९मध्ये दागेरची फोटो काढण्याची कृती जगजाहीर झाली. लोक हरखले, पण चेहरा राखाडी दिसतो ही कुरकुरही लगेच सुरू झाली. स्वित्झर्लंडच्या योहान बाप्टिस्ट इझेनरिंगने वर्षा-दोन वर्षांत रंगांची बारीक पूड डिंकात मिसळून तांब्याच्या पट्टीवरच्या चित्रांना लावायला सुरुवात केली. इंग्लंडमध्ये रिचर्ड बिअर्डने १८४२ साली अशाच रीतीचे पेटंट घेतले. हस्तिदंतावर छोटी व्यक्तिचित्रे काढणाऱ्या चित्रकारांचा धंदा फोटोने बसवला होता. त्यातले कित्येक जण फोटोच्याच स्टुडिओत रंगारी म्हणून कामाला लागले.

या कलेने शिखर गाठले जपानच्या योकोहामा बंदरात. फेलिचे बेआतो हा फोटोग्राफर १८६३मध्ये तिथे पोचला. सत्तावनच्या उठावानंतरच्या उद्ध्वस्त लखनौचे फोटो काढणारा तोच हा बेआतो. चार्ल्स वर्गमन या चित्रकाराशी भागीदारी करून त्याने स्टुडिओ थाटला. जपानमध्ये लाकडी ठशांच्या रंगीत चित्रांची परंपरा होती आणि पाण्यातले पारदर्शक रंग पातळ थरांत चढवण्याची तिथल्या कारागिरांची हातोटी पिढ्यांनी मुरलेली होती. तेच तंत्र फोटोच्या कागदावर आले. रंग असा पातळ असे की खालचा फोटो झाकला जात नसे. छत्रीची कागदी चमक, ओल्या पायऱ्या, कंदिलाचा तांबूस उजेड, सगळे जिवंत होई. अदोल्फो फार्सारी या इटालियन माणसाच्या स्टुडिओत रंगारी दिवसाला दोन-तीनच फोटो रंगवत, इतके ते काम निगुतीने चाले. १८८६च्या आगीत फार्सारीच्या सगळ्या काचा जळाल्या. त्याने जपानभर फिरून नव्याने फोटो काढले आणि धंदा पुन्हा उभा केला.

बेआतोकडे फोटो रंगवणारा कुसाकाबे किंबेई पुढे स्वतःच नावाजलेला फोटोग्राफर झाला. वादळी पावसात छत्री सावरत चाललेल्या मुलीचे त्याचे एक चित्र आहे. वाऱ्याने किमोनो मागे उडतो आहे, पावसाच्या तिरक्या रेघा कोसळत आहेत. हे सारे घडले स्टुडिओच्या चार भिंतींत. किमोनोचा काठ ताणून धरलेला, आणि पाऊस म्हणजे काचेवर टोकदार अवजाराने काढलेले ओरखडे. तरी चित्र पाहताना गारठा जाणवतो. वातावरणनिर्मिती हा शब्द आपण नाटक-सिनेमासाठी वापरतो. या माणसाने ती एका काचेवर करून दाखवली.

पण योकोहामाच्या चित्रांतली खरी विचार करण्यासारखी गोष्ट वेगळीच. ती चित्रे विकली जात होती तेव्हा जपान वेगाने बदलत होता. योकोहामा ते शिंबाशी रेल्वे १८७२मध्येच धावू लागली होती. सामुराईंनी तलवार बाळगण्यावर १८७६मध्ये बंदी आली. आणि त्यानंतरही स्टुडिओंत चिलखत चढवलेले, तलवार उपसलेले ‘सामुराई’ फोटोसाठी उभे राहत होते. बोटीतून उतरणाऱ्या परदेशी प्रवाशाला आगगाडीचा जपान नको होता, आगगाडीच्या आधीचा हवा होता. म्हणजे ज्या चित्रांकडे पाहून आज आपण गेलेल्या काळासाठी हळहळतो, ती काढतानाच कोणीतरी गेलेल्या काळासाठी हळहळत होते, आणि त्या हळहळीला बाजारभाव होता.

युरोपात हीच गोष्ट यंत्राने साधली. झुरिकच्या ओरेल फ्युसली या छापखान्यातल्या हान्स याकोब श्मिडने १८८०च्या दशकात फोटोक्रोम नावाची छपाई शोधून काढली. लिथोच्या, म्हणजे शिळाछपाईच्या, दगडावर प्रकाशाने घट्ट होणाऱ्या डांबरी द्रव्याचा लेप द्यायचा, त्यावर कृष्णधवल फोटोची काच ठेवून तो उन्हात धरायचा आणि उमटलेल्या आकृतीतून एकाच रंगाचा दगड तयार करायचा. असे निदान सहा दगड, पुष्कळदा दहाहून अधिक. प्रत्येक दगडाचा एक रंग, आणि एकाच कागदावर सगळ्यांचे ठसे नेमके एकावर एक. कोणत्या जागी कोणता रंग, हे ठरवायचा दगडावर काम करणारा कारागीर. फोटोग्राफरने टिपून आणलेल्या नोंदी हाताशी असल्या तर त्यांच्या आधाराने, नाहीतर अंदाजाने. अमेरिकेत डेट्रॉइटच्या एका कंपनीने ही रीत उचलली आणि लाखांनी प्रती विकल्या. व्हेनिसच्या ‘चांदण्या रात्री’ची फोटोक्रोम चित्रे त्या काळी फार खपली. ढगांआडून चंद्र, पाण्यावर रुपेरी पट्टा, खिडक्यांत पिवळे दिवे. मूळ फोटो दिवसाउजेडी घेतलेले! निळा-काळा रंग चढवून त्यांची रात्र केली होती. रात्रीचे इतके स्वच्छ दृश्य टिपणारा कॅमेराच तेव्हा नव्हता.

महाराष्ट्रातल्या माणसांना दगडावरच्या रंगीत छपाईचे हे तंत्र परके राहिले नाही. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४मध्ये मुंबईत निघाला तो जर्मन यंत्रे आणि जर्मन तंत्रज्ञ घेऊन. देवादिकांची चित्रे घरोघर पोचली ती याच लिथोच्या दगडांवरून, एकावर एक रंग चढवत. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी फोटोग्राफर होते, रविवर्मा छापखान्यासाठी त्यांनी काम केले होते, आणि १९०९च्या सुमारास तिरंगी छपाईची यंत्रे आणायला ते जर्मनीला जाऊन आले होते. हलत्या चित्रांच्या जादूत रमण्याआधी फाळक्यांनी स्थिर चित्रांच्या रंगांची ही सगळी वाट पायाखाली घातली होती.

आणि घरातल्या भिंतीवरचे फोटो? गावोगावच्या फोटो स्टुडिओत कृष्णधवल फोटोला ‘टचिंग’ करून, वर रंग भरून देणारे कारागीर रंगीत फिल्म सर्रास होईपर्यंत काम करत होते. काडीला कापूस गुंडाळून गालांवर गुलाबी फिरवायची, बारीक कुंचल्याने कुंकू लाल करायचे, नथीच्या मोत्यावर पांढरा ठिपका द्यायचा. पैठणीचा रंग कोणता, हे घरच्यांना विचारून लिहून घ्यायचे. जर्मनीतल्या कारागिरात आणि या कारागिरात फरक हा, की इथे विचारायला माणूस समोर असे. म्हणून घरातल्या जुन्या रंगवलेल्या फोटोतल्या लुगड्याचा रंग खरा असण्याचा संभव पोस्टकार्डावरच्या लुगड्यापेक्षा पुष्कळ जास्त.

तर मग रंगवलेले नगरचित्र वाचायचे कसे? दोन साक्षीदार वेगळे करून. खालचा फोटो पाहणारा साक्षीदार आहे. वरचा रंग ऐकीव माहितीवर बोलणारा. पहिल्याकडून मिळते ते मोलाचे, आणि मुंबईच्या चित्रांत तर ते ओतप्रोत भरलेले आहे. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४मध्ये सुरू झाली आणि ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावली. तेव्हा ट्रामपुढे घोडे असतील तर चित्र साधारण १९०७च्या आधीचे, आणि रस्त्यावर तारांचे जाळे असेल तर नंतरचे. बोरीबंदरच्या स्टेशनासमोर महापालिकेची इमारत दिसली तर साल १८९३ किंवा पुढचे. ताजमहाल हॉटेल उभे आहे पण गेटवे नाही, तर चित्र १९०३ सालानंतरचे आणि १९२४ साली गेटवेचे उद्‌घाटन होण्याआधीचे. चर्चगेटजवळच्या बी.बी.सी.आय. रेल्वेच्या १८९९मधल्या देखण्या कचेरीमागे पाणी दिसले तर ती रंगाऱ्याची कल्पना समजू नये. समुद्र खरोखरच तिथे होता. आज मरीन ड्राइव्ह आणि त्यामागच्या इमारतींच्या रांगा आहेत ती जमीन पुढच्या भरावाची.

राजाबाई टॉवरचे चित्र तर याबाबतीत सर्वांत बोलके. २८० फूट उंचीचा हा मनोरा १८७८मध्ये पुरा झाला. त्याचा आराखडा करणारा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटही मुंबईत कधी आला नव्हता. या शहरावर न पाहता काम करणाऱ्यांत पोस्टकार्डांचे रंगारी काही पहिले नव्हेत. मनोऱ्याचा दर्शनी भाग ओव्हल मैदानाकडे, म्हणजे पश्चिमेला आहे. सकाळी त्यावर सावली असते, ऊन येते ते दुपारनंतर. म्हणून मैदानावरून घेतलेल्या चित्रात दगडावरची नक्षी उन्हाने लखलखत असेल तर फोटो दुपारनंतरचा, हे नक्की. भिंगाखाली घड्याळाचे काटे ओळखू आले तर वेळही कळते. मग मागच्या आकाशातली लाली पाहावी आणि हिशेब जुळतो का ते ताडावे. पुष्कळदा जुळत नाही. जिथे जुळतो तिथे आनंद होतो, कारण कोणीतरी खरोखरच्या संध्याकाळी तिथे कॅमेरा लावून उभे होते.

रंगाचा थर काय दाखवतो याइतकेच तो काय दाखवत नाही हेही पाहायला हवे. पोस्टकार्डांचा भर ओसंडत होता ती वर्षे मुंबईच्या प्लेगची आहेत. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला. पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसांनी शहर सोडले. घरोघर झडत्या, सक्तीची इस्पितळे, खुणा केलेली दारे. याचेही फोटो आहेत, कॅप्टन सी. मॉस याने १८९६-९७च्या साथीचे अल्बमच केले. ते रंगवून विकायला कोणी काढले नाहीत. साथीनंतर १८९८मध्ये मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाट वस्त्यांतून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले गेले. तसा रुंद रस्ता, त्यावर गुलाबी आकाश आणि दुतर्फा नवी घरे असे चित्र पाहताना, त्या जागी आधी कोण राहत होते आणि ते कुठे गेले, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. रंग त्याचे उत्तर देत नाही.

या चित्रांवर काळानेही आपला हात फिरवला आहे. एकोणिसाव्या शतकातले बहुतेक फोटो छापले जायचे अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावर. वर्षे गेली की त्या थरातली प्रथिने आणि साखर यांची आपापसात क्रिया होऊन कागदाचा उजळ भाग पिवळा पडतो. तव्यावरच्या पोळीला ज्या क्रियेने तांबूस डाग पडतात, तीच ही क्रिया, फक्त शंभर वर्षांत होणारी. आपल्याला जो सोनेरी उजेड वाटतो, तो कित्येकदा हा पिवळेपणा असतो. रंगांचेही तसेच. कृत्रिम रंगद्रव्यांतले काही गुलाबी आणि जांभळे उजेडाला अजिबात टिकत नाहीत. नवी असताना यातली कित्येक चित्रे चांगली भडक होती. आज ती मंद, विरलेली, हळवी दिसतात, कारण त्यांतले तेजस्वी रंग उडून गेले आहेत. जुन्या काळाचा म्हणून जो रंग आपण ओळखतो, तो त्या काळाचा नसून मधल्या शंभर वर्षांचा आहे.

इतके सगळे कळल्यावर हुरहूर ओसरावी. ती ओसरत नाही, आणि ओसरण्याचे कारणही नाही. अशा हुरहुरीला १६८८ साली बाझेलच्या योहानेस होफर या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात चक्क रोग ठरवले होते. घरापासून दूर गेलेल्या स्विस तरुणांचे झुरणे त्याने त्यात वर्णिले होते. आजचे मानसशास्त्र तसे मानत नाही. साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या टिम विल्डशूट, कॉन्स्टंटाइन सेडिकिडीस आणि सहकाऱ्यांनी २००६मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले, की एकटेपणा जाणवला की माणसे गतकाळाकडे वळतात, आणि तिकडे वळल्यावर आपण कोणाशी तरी जोडलेले आहोत ही भावना वाढते. हे आपल्या स्वतःच्या आठवणींबद्दल झाले. पण १९०५ची मुंबई आज जिवंत असलेल्या कोणाच्याच आठवणीत नाही, तरी तिच्या चित्राने जीव गलबलतो. याचे श्रेय रंगाऱ्याला द्यायला हवे. कृष्णधवल फोटो ‘हे होऊन गेले’ असे सांगतो. त्यावर हलका निळा, हलका गुलाबी हात फिरला की तीच जागा जाऊन राहता येईलशी वाटू लागते. तो भाव खराच असतो. फक्त तो पुरावा नव्हे.

खऱ्या रंगांतली जुनी मुंबई पाहायची असेल तर तीही थोडी आहे. फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंनी १९०७मध्ये ऑटोक्रोम काचा बाजारात आणल्या. बटाट्याच्या स्टार्चचे सूक्ष्म कण नारिंगी, हिरवे आणि जांभळे रंगवून काचेवर पसरायचे आणि त्यांतून गाळून येणारा प्रकाश टिपायचा, अशी त्यांची रीत. आल्बेर कान या फ्रेंच धनिकाने जगभर छायाचित्रकार पाठवून अशी सुमारे ७२ हजार चित्रे जमवली. त्याचा स्तेफान पासे हा छायाचित्रकार १९१३-१४च्या हिवाळ्यात भारतात फिरला, मुंबईतही. त्या काचांतले रंग पोस्टकार्डांपेक्षा खूपच मातकट आणि खोल आहेत. दोन्ही शेजारी ठेवून पाहणे हे डोळ्यांना मोठे शिक्षण आहे.

आज हेच काम संगणक क्षणात करतो. कृष्णधवल फोटो द्यावा, रंगीत घ्यावा. अशा कित्येक प्रणालींची खोड अशी, की खात्री नसलेल्या जागी त्या हजारो चित्रांची सरासरी काढून मळकट तपकिरी रंग देतात, म्हणून आपल्या माणसांच्या पगड्या, लुगडी, उपरणी सगळी एका मातीच्या रंगात बुडतात. याहून गंभीर प्रकार २०२१मध्ये घडला. कंबोडियातल्या तुओल स्लेंग तुरुंगात मारल्या गेलेल्या कैद्यांचे फोटो एका कलाकाराने रंगवले आणि काही चेहऱ्यांवर हसूही आणले. ते व्हाइस या संकेतस्थळावर प्रसिद्ध झाले. कंबोडियाच्या सरकारने आणि मृतांच्या नातेवाइकांनी निषेध केल्यावर ते काढून टाकावे लागले. योकोहामाच्या कारागिराचा कुंचला निदान ओळखू तरी येत होता. कडेला रंग किंचित बाहेर गेलेला दिसला की हात कळायचा. संगणकाचा हात दिसत नाही, म्हणून रंगवलेल्या प्रतीवर ती रंगवलेली आहे असे स्वच्छ लिहिणे आज अधिक गरजेचे झाले आहे.

ज्यांच्या घरी अशी जुनी रंगवलेली कार्डे किंवा फोटो असतील, त्यांना एवढेच सांगणे. ते ओल्या फडक्याने पुसू नका, पाण्यातला रंग पहिल्याच पुसण्यात निघून येतो. ते टांगलेल्या भिंतीवर थेट ऊन येत असेल तर जागा बदला. स्कॅन करताना दोन्ही बाजू करा, कारण पाठीवरचा शिक्का, स्टुडिओचे नाव आणि तारीख यांना चित्राइतकीच किंमत आहे. संगणकावर रंग उजळून घ्यायचे असतील तर जरूर घ्या, पण मूळ स्कॅन वेगळा जपून ठेवा. आणि फोटोतली जागा किंवा माणूस ओळखणारे कोणी वडीलधारे घरात असतील, तर त्यांना याच आठवड्यात विचारून नाव, गाव आणि साधारण साल कागदाच्या पाठीवर मऊ शिसपेन्सिलीने लिहून ठेवा.